साखर धरलेला मध: मायक्रोवेव्ह, ऊन की गरम पाणी?

थंडी पडली की बरणीतला मध खाली बसतो आणि घरात कुणीतरी म्हणतंच, भेसळ आहे वाटतं. तसं काही नसतं, मधातल्या ग्लुकोजचे दाणे होतात, 13-14 डिग्रीला सगळ्यात पटकन, आणि मोहरीच्या फुलांवरचा मध तर काढल्यावर काही आठवड्यांतच घट्ट होतो. तुम्हाला तो पातळच हवाय असं धरून चालतो.

मायक्रोवेव्ह झटपट आहे यात वाद नाही. पण माझं त्याच्याशी बिनसलं ते एका गोष्टीवरून. कडेचा मध उकळायला येतो आणि मधला गोळा तसाच, ढवळलं की वाटतं झालं सगळं पातळ, आणि आठ-पंधरा दिवसांत बघावं तर परत खडे. कारण जे बारीक दाणे विरघळायचे राहतात ना, तेच विरजणासारखं काम करतात, त्यांच्याभोवती पुन्हा सगळं जमायला लागतं. मग परत गरम करा, परत रंग काळपट, वास गेलेला. जास्त तापलेल्या मधात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने त्याला किलोमागे 80 मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय ती उगाच नाही. काहींना मायक्रोवेव्ह जमतही असेल, कमी पॉवरवर थांबून थांबून, मला तेवढा धीर नाही.

ऊन चांगलं, फुकट. पण गंमत अशी की मध गोठतो डिसेंबरात आणि त्यासाठी लागणारं कडक ऊन येतं एप्रिलमध्ये. शिवाय मुंग्या. बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवून बघा हवं तर.

राहिलं गरम पाणी. वेळखाऊ आहे, पाणी निवलं की बदला, लेबल सुटून पातेल्याला चिकटतं, तरीही मी तेच करतो. गॅस बंद करून, बोट बुडवून ठेवता येईल इतपत पाणी, म्हणजे 40-45 डिग्री, त्यात काचेची बरणी, झाकण घट्ट म्हणजे आत थेंब जात नाही. आणि शेवटचा दाणा जाईपर्यंत बाहेर काढायची नाही, एवढं पाळलं की माझा अनुभव तरी असा की पुढे बराच काळ तो नीट राहतो. घरात मध तापवायलाच नको म्हणणारी आयुर्वेदवाली मंडळी असतील तर मात्र वाद घालू नका, रवाळच खा, काही बिघडत नाही.

ठेवायचं म्हणाल तर फ्रिजपेक्षा ओट्यावरचं कपाट बरं, फ्रिजमधला मध दाणे नसले तरी चमच्याला दाद देत नाही. डीप फ्रीझरमध्ये दाणे होत नाहीत, पण मटार आणि ओल्या नारळातून तिथे जागा कुणाकडे आहे? पिळायच्या प्लास्टिक बाटलीचं तोंड दाण्यांनी बुजतं आणि ती गरम पाण्यात ठेवायला मन होत नाही, म्हणून आणल्या आणल्या रुंद तोंडाच्या दोन-तीन लहान काचेच्या बरण्यांत काढतो आणि लागेल तेवढीच एक बरणी पातळ करतो. गोठलेल्या मधावर पाणचट थर दिसला आणि आंबूस वास आला तर तो आंबायला लागलाय, तो गरम करून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

आमच्या लेकीला पोळीवर रवाळच आवडतो, त्यामुळे एका बरणीला मी हातच लावत नाही.