एसीएलचं ऑपरेशन: ग्राफ्ट वाटीखालचा घ्यावा की मांडीमागचा?

कबड्डीच्या चढाईत पाय रोवून वळताना गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, की एमआरआयच्या आधीच अंदाज आलेला असतो. रिपोर्टवर एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारा गुडघ्यातला दोर, पूर्ण फाटल्याचं येतं. ऑपरेशनमध्ये त्याच्या जागी शरीरातलाच एखादा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बसवतात, तोच ग्राफ्ट. मग नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दोन डॉक्टरांना दाखवलं की एक हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा) म्हणतात, दुसरे बीटीबी (वाटीखालचा), आणि घरचे चक्रावतात. दोघंही बरोबर असू शकतात. पोट्टा काय खेळतो आणि पोटापाण्यासाठी काय करतो, यावर ते ठरतं.

ऑपरेशन करावंच का? स्वीडनमधल्या 121 तरुणांच्या अभ्यासात निम्म्यांना लगेच ऑपरेशन दिलं, बाकीच्यांना आधी व्यायाम. व्यायामवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांना 5 वर्षांत ऑपरेशन करावं लागलं. उरलेल्यांचं त्याविना भागलं. ऑफिस, गाडी आणि सकाळचं फिरणं एवढंच असेल, तर आधी व्यायाम करून बघा. कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल परत खेळायचं असेल तर मी ऑपरेशनच्या बाजूचा. गुडघा सारखा निसटत राहिला की सांध्यातली गादी (मेनिस्कस) फाटत जाते.

बीटीबी म्हणजे वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी, दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यासकट. ग्राफ्टसाठी हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाला हाड भिडतं, म्हणून साधारण 6 आठवड्यांत ते धरतं. हॅमस्ट्रिंगला तिथे 8 ते 12 आठवडे लागतात. कोवळ्या वयाच्या, जोरदार वळणाऱ्या खेळाडूंत पुन्हा तुटण्याचं प्रमाणही बीटीबीत कमी दिसतं. याची किंमत गुडघा टेकताना कळते. वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर भार आला की कळ उठते, आणि काहींची ती वर्षानुवर्षं जात नाही. फरशी बसवणारा, रोज नमाज पढणारा किंवा मॅटवर गुडघे घासणारा पहिलवान असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

हॅमस्ट्रिंगमध्ये मांडीच्या मागच्या बाजूचे एक-दोन टेंडन काढून, दुमडून जाड करतात. चीर लहान असते आणि समोरचं दुखणं कमी. पण पालथं झोपून टाच कुल्ल्याला लावायला सांगा, शेवटच्या टप्प्यात ताकद कमी पडलेली कळते. धावपटूला आणि वेगाने मागे फिरणाऱ्या चढाईपटूला हे खटकतं. शिवाय ग्राफ्ट 8 मिलिमीटरपेक्षा बारीक निघाला तर तो तुटण्याची भीती वाढते. सडपातळ मुलींमध्ये असं होऊ शकतं, म्हणून बारीक निघाल्यास पुढे काय, हे टेबलावर जाण्याआधीच विचारून ठेवा.

यावर एक उपाय आहे: हॅमस्ट्रिंगसोबत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक जादा पट्टी ताणून बसवणं. 25 वर्षांपर्यंतच्या 618 जणांवरच्या चाचणीत 2 वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण नुसत्या हॅमस्ट्रिंगमध्ये 11 टक्के होतं, पट्टी जोडल्यावर 4 टक्के. अठरा-वीस वर्षांच्या कबड्डीपटूने हॅमस्ट्रिंग निवडलं तर या पट्टीबद्दल विचारल्याशिवाय उठू नये. वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स टेंडनही चांगला पर्याय आहे, पण तो नेहमी वापरणारा सर्जन हवा. घोट्याजवळचा पेरोनिअस टेंडन घेणारेही पुष्कळ आहेत. ज्याचा घोटा दर दुसऱ्या चढाईत पकडला जातो, त्याला मी तो सुचवणार नाही.

माझा कौल असा: चढाईपटू, फुटबॉलपटू असेल तर बीटीबी. कुस्ती, किंवा गुडघे टेकून करायचं काम असेल तर हॅमस्ट्रिंग आणि बाहेरची पट्टी.

ऑपरेशनची घाई मात्र नको. आतली गादी फाटून गुडघा अडकला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी सूज उतरू द्या, पाय पूर्ण सरळ होऊ द्या. ताठर गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतरही ताठरच राहू शकतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांतलं मोठं कामही तेच. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा मागून अंथरुणाला टेकेपर्यंत दाबायचा. उशी गुडघ्याखाली घेतली की बरं वाटतं, म्हणून आई ती हमखास सरकवते. ती काढा.

दोन-तीन महिन्यांनी दुखणं थांबतं आणि पोट्टे रेशीमबागेच्या मैदानात उतरतात. नेमका तेव्हाच आतला ग्राफ्ट कमजोर असतो, कारण त्यात नवा रक्तपुरवठा अजून रुजत असतो. नॉर्वे-अमेरिकेतल्या एका अभ्यासात 9 महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबलं, तितक्या दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याने घटत गेलं. विनेश फोगाटचं ऑपरेशन ऑगस्ट 2023 मध्ये झालं आणि एप्रिल 2024 मध्ये तिने ऑलिम्पिकची पात्रता मिळवली, हे उदाहरण प्रत्येक जण देतो. तिच्यामागे रोज राबणारी टीम होती. तुमच्याकडे आठवड्यातून दोन वेळा फिजिओ असेल, तर 9 महिने किमान धरा, आणि एका पायावरची उडी टेपने मोजून दुसऱ्या पायाच्या 90 टक्के भरल्याशिवाय मैदान नाही.

पोलीस भरतीची 1600 मीटर धाव समोर असेल तर हा हिशोब आधी मांडा. फिजिओ घराजवळचा ठरवा. मानकापूरच्या पोराला रोज वर्धा रोड गाठायला लावलं, तर मे महिन्याच्या उन्हात पहिल्या पंधरवड्यातच खाडे सुरू होतील. बिलात ग्राफ्ट पक्का करणाऱ्या स्क्रू-बटणाचा खर्च वेगळा लागतो का आणि सरकारी योजनेत काय बसतं, हे दवाखान्यात भरती होण्याआधी लिहून घ्या.