ट्रेडमिलची मोटर गोणीत घालून नेली, ती परत आलीच नाही

नागपुरात घरोघरी जुन्या ट्रेडमिल आणि सायकली पडून आहेत. त्या दुरुस्त करायला माणूस शोधणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आमचे साडेचौदा हजार गेले. आणखी कुणाचे जाऊ नयेत.

ह्यांची बायपास झाल्यापासून डॉक्टरांनी रोज अर्धा-पाऊण तास चालायला सांगितलं आहे. हिवाळ्यात अंबाझरीला जातो. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, सकाळी सातलाच ऊन अंगावर येतं. तेव्हा २०१२ साली घेतलेली ट्रेडमिल हाच आधार. यंदा ऐन मेमध्ये ती बंद पडली. आधी जळका वास आला, मग डिस्प्ले लागायचा, पण पट्टा जागचा हलायचा नाही.

जिथून घेतली ते धरमपेठेतलं दुकान कधीच बंद झालं. वॉरंटी कार्डावरच्या नंबरावर फोन लावला, तर ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्याचे पार्ट आता येत नाहीत, असं उत्तर मिळालं. सीताबर्डीतल्या दोन दुकानांत विचारलं. ते म्हणाले, मोटरवरच्या प्लेटचा फोटो पाठवा, बघतो. म्हणून मी पुढचं कव्हर उघडून प्लेटचा फोटो काढला. त्या एका फोटोचा पुढे फार उपयोग झाला.

दुकानदारांचं उत्तर यायच्या आत मी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर नागपूर' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. समोरच्याने कंपनीचंच नाव घेतलं. आता कळतं की असे नंबर कुणीही टाकू शकतं, आणि कंपनीचा खरा नंबर मशीनवरच्या स्टिकरवर किंवा वॉरंटी कार्डावर असतो. तो तर मी आधीच लावून पाहिला होता! तिकडून 'पार्ट नाहीत' म्हटल्यावर, 'आहेत' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसला.

तासाभरात एक तरुण आला. पायातले जोडे दाराबाहेर काढून, 'नमस्कार काकू' म्हणत आत आला. पाचशे रुपये व्हिजिटिंग चार्ज आधीच घेतला. कव्हर उघडलं, मशीन एकदा चालू-बंद केलं आणि म्हणाला, "मोटर जळली, बोर्डपण गेलं." ना त्याने मीटर लावला, ना मोटरचे ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, काढून पाहिले. मोटर आणि बोर्ड मिळून चौदा हजार, दोन्ही ओरिजिनल, मुंबईहून मागवावे लागतील, नऊ हजार आत्ता द्या, असं सांगितलं. हे आतून म्हणाले, "घरातली मशीन चालू झाली तर बरं." मी यूपीआयने पैसे पाठवले. खात्यावर कंपनीचं नाव नव्हतं, एका बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडमचं आहे." 'मॅच करायला लागेल' म्हणून आमची मोटर आणि बोर्ड सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून तो घेऊन गेला.

पाच दिवसांनी आला. मोटर काळी कुळकुळीत, वर चकचकीत स्टिकर, '२.५ एचपी' असं ठळक छापलेलं. बसवली, पट्टा रिकामाच दहा मिनिटं चालवून दाखवला. उरलेले पाच हजार घेतले. पक्कं बिल मागितलं, तर 'व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो' म्हणाला. जुनी मोटर मागितली, तर 'ती भंगारात जमा करावी लागते, कंपनीचा नियम आहे' म्हणाला.

चौथ्या दिवशी हे चालत असताना पट्टा अडखळला. एकदा थांबला, परत सुरू झाला. ह्यांनी बाजूचा दांडा धरला होता म्हणून पडले नाहीत. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. छातीला टाके पडलेला माणूस चालत्या पट्ट्यावर अडखळतो म्हणजे काय, हे घरच्यांनाच कळतं. लगेच त्या नंबरावर फोन केला. दोनदा उचलला, मग नंबर बंद.

जाऊबाईंच्या मुलाने मोटर काढून कॉटन मार्केटकडच्या एका रिवाइंडिंगवाल्या, म्हणजे जळक्या मोटरची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या काकांकडे नेली. मीही गेले. काकांनी मोटर हातात घेऊन शाफ्ट फिरवला आणि माझ्या कानाजवळ धरला. खरखर ऐकू येत होती. "बेअरिंग गेलेत ताई. नवी मोटर अशी बोलत नाही." मग नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली जुनीच प्लेट होती, तिच्यावर १.२५ एचपी. रंगाचा थर स्क्रूच्या खाचांत भरलेला होता. कुठल्या तरी लहान मशीनची वापरलेली मोटर रंगवून आमच्या गळ्यात मारली होती. माझ्या मोबाइलमधला आमच्या प्लेटचा फोटो काकांनी शेजारी धरला: १८० व्होल्ट डीसी, २.५ एचपी. आमची मोटर खरंच जळली होती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. काकांचं म्हणणं, अशा मोटरमध्ये आधी कार्बन ब्रश बघायचे असतात. ते झिजून हरभऱ्याएवढे झाले की मोटर उठत नाही, आणि ब्रशची जोडी काहीशे रुपयांत बदलते.

मग ते घरी आले. प्लग काढून ठेवला, बोर्डाच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरावी म्हणून थोडा वेळ थांबले आणि पट्ट्याखाली हात घातला. मलाही घालायला लावला. मध्यभागी पट्टा आतून कोरडाठाक, आणि खालच्या फळीवर पाय पडतात तिथे काळा चकचकीत डाग. इतक्या वर्षांत सिलिकॉन ऑइल एकदाही घातलं नव्हतं, आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. पट्टा कोरडा झाला की फळीला घासतो, मोटर जास्त करंट ओढते, आणि त्या भाराने बोर्ड आणि मोटर दोन्ही तापतात. म्हणजे खरी ओरिजिनल मोटर बसवली असती, तरी तीही गेली असती. मोटरपासून रोलरकडे जाणारा छोटा बेल्ट उतरवून नुसती मोटर चालवून पाहायची, हे काकांनी दाखवलं. एकटी नीट फिरली तर दोष पुढे आहे, पट्ट्यात किंवा रोलरमध्ये. त्या तरुणाने यातलं काहीच केलं नव्हतं.

शेवटी काकांनी फळी उलटी करून बसवली, कारण दुसरी बाजू कोरी होती. चालायचा पट्टा रुंदी आणि पूर्ण घेराची लांबी मोजून नवा मागवला. छोट्या बेल्टवर १८०जे६ असं छापलेलं होतं, म्हणजे १८ इंच लांबी आणि ६ धारा. तो नंबर सांगितला की कंपनीचं नाव लागत नाही, इतवारीत लोहा ओळीकडच्या बेल्टवाल्याने तसाच काढून दिला. सव्वादोन एचपीची जुनी पण तपासलेली मोटर काकांनी माझ्यासमोर मीटर लावून दिली, आणि पावतीवर 'वापरलेली' असं स्वतः लिहिलं. हे पाहून मला भरून आलं.

तक्रारी केल्या आहेत. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, पण वीस दिवस उलटून गेले होते. तुमचं असं काही झालं तर पैसे गेल्या गेल्या त्याच तासात लावा, खात्यातली रक्कम थांबवायची संधी तेव्हाच सगळ्यात जास्त असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून तिथेही जाणार आहे. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि दोन्ही प्लेटांचे फोटो आहेत. मेकॅनिक तुमची मोटर किंवा बोर्ड बाहेर नेणार असेल, तर प्लेटचा फोटो काढून त्यावर त्याची सही घ्या, आणि जुना पार्ट परत मिळाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

आमची मोटर परत आलेली नाही. ती कुठे तरी 'नवी' म्हणून विकली जात असेल, म्हणून खूण सांगते: १८० व्होल्ट डीसी, २.५ एचपी, लाल वायरला पिवळी टेप, आणि मागच्या काळ्या प्लास्टिक पंख्याची एक पाती अर्धी तुटलेली.