बल्बला खायलाच मिळत नव्हतं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या या दुकानाला पाटी नाही. पत्र्याचं शेड, दारात जुन्या बॅटऱ्यांची रांग, भिंतीवर खिळ्याला टांगलेले हॉर्न, आणि आत लाकडी फळीवर बसून काम करणारे साठीचे एक मामा. बिल देत नाहीत, फोन उचलत नाहीत. माझ्या 2008 च्या वॅगनआरच्या हेडलाइटचं काम त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात केलं. मध्ये एक पावसाळा गेला, आता उसाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे लिहायला हरकत नाही.

गाडी बाबांची. 2023 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा हरित कर भरून तिची पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. विकायला निघाले असते तर किंमत ऐकून रडू आलं असतं, आणि तशीही विकवत नव्हती. मी नोकरीला कोल्हापुरात, आई फोंडाघाटला. शनिवारी कॉलेज सुटलं, दोन-चार कामं उरकली की निघेपर्यंत साडेसहा होतात. पुढचा रस्ता हळदी, परिते, राधानगरी, दाजीपूर आणि मग घाट. या रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला दोन गोष्टींची भीती असते. हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, आणि बारमाही गवे.

गव्याचं सांगते. एवढं धूड, पण अंग इतकं काळं की लाइटचा उजेड त्याच्यावर पडून तिथंच मुरतो. गुडघ्याखाली मात्र पाय पांढुरके, मोजे घातल्यासारखे. गेल्या डिसेंबरात दाजीपूरच्या अलीकडे मला आधी दिसले ते रस्त्याच्या मधोमध चार पांढरे पाय. वर काय आहे ते ब्रेक लागल्यावर कळलं. अंतर किती उरलं होतं ते मी आईला अजून सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात मी ॲक्सेसरीजच्या एका चकचकीत दुकानात गेले. तिथल्या मुलानं आधी "साहेब नाही आले?" असं विचारलं. मग गाडीच्या पिवळ्या पडलेल्या लाइटकडे नजरही न टाकता खोक्यातून एलईडीची जोडी काढली. सहा हजार केल्विन (म्हणजे अगदी पांढरा उजेड), मागे छोटा पंखा, किंमत 2800. दहा मिनिटांत बसवून दिली. दुकानासमोरच्या भिंतीवर उजेड असा लख्ख पडला की मलाही वाटलं, संपला प्रश्न.

पहिल्याच शनिवारी समोरून येणारी प्रत्येक गाडी मला डिपर मारत होती. मी तर डिपरवरच, म्हणजे खाली झुकवलेल्या लाइटवरच होते! एका एसटीवाल्यानं तर गाडी हळू करून खिडकीतून हात जोडले. बरं, लोकांचे डोळे दिपवून मला तरी जास्त दिसावं, तर तेही नाही. बॉनेटच्या पुढे पांढरा सडा, आणि लांबवर काळोख तो काळोखच. घाटात धुकं लागलं तेव्हा समोर पांढरी चादर कुणीतरी धरल्यासारखं झालं. तीन आठवडे काढले, मग जुने हॅलोजन परत लावले आणि एलईडी बल्ब डिकीत टाकले. ते अजून तिथंच आहेत, कुणाला हवे असतील तर घेऊन जा.

मामांचं नाव सुचवलं ते आमच्या लॅब असिस्टंटनं. गेले तेव्हा ते एका टेंपोच्या डॅशबोर्डखाली घुसले होते, बाहेर फक्त पाय दिसत होते. पाऊण तास थांबवलं. खुर्ची नाही, एक उलटी बादली आहे. बाहेर आल्यावर माझं सगळं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं (साहेबांची चौकशी नाही, ही पहिली जमेची बाजू), बॉनेट उघडायला लावलं, गाडी चालू ठेवून लाइट लावायला सांगितले आणि मीटरच्या दोन वायरी आधी बॅटरीला लावल्या. 13.8 व्होल्ट. मग त्याच वायरी बल्बच्या मागच्या होल्डरला. 11.7.

"मॅडम, बल्ब चांगलाय की. त्याला खायलाच मिळंना झालंय."

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी माझ्या डोक्यात कधी आलं नाही की बॅटरीपासून बल्बपर्यंत जी वायर जाते तिच्यातही काही हरवत असेल. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, कनेक्शन पंधरा वर्षांची, अर्थिंगच्या बोल्टवर गंज. सगळ्याचा मिळून रेझिस्टन्स जेमतेम पाव ओहम, पण आठ-नऊ अँपिअर वाहायला लागले की दोन व्होल्ट वाटेतच खर्च. आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही, घसरगुंडीवरून घसरतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं तर जवळजवळ तीस टक्के उजेड जातो. घरी येऊन हिशेब केला, तर वायरिंग धड असतं तर मिळाला असता त्याच्या निम्म्याहून थोड्याच जास्त उजेडात मी घाट उतरत होते.

मग मामांनी लाइटच्या मागचा भाग टॉर्च मारून पाहिला आणि पहिल्यांदाच वैतागले. एलईडीचा पंखा मावावा म्हणून त्या मुलानं मागचं रबरी बूट (पाणी-वाफ आत जाऊ न देणारं टोपण) काढून टाकलं होतं आणि परत बसवलंच नव्हतं. डाव्या लाइटमध्ये वाफ शिरून रिफ्लेक्टरवर रुपयाएवढा मळकट डाग पडला होता. मी म्हटलं, फडक्यानं पुसता येईल ना? "हात लावू नका. पुसला तर आरसाच निघून येतोय." डाग आहे तसा ठेवला, दोन्हीकडे नवी बूटं बसवली.

एलईडी का फसली तेही तिथंच कळलं. त्यांनी जुना एच फोर बल्ब हातात दिला आणि आत बघायला लावलं. दोन फिलामेंट असतात, अप्परची (लांबवर पडणाऱ्या उजेडाची) 60 वॅटची आणि डिपरची 55 वॅटची. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या फिलामेंटची जागा धरून काढलेला असतो. तिथं दुसऱ्या आकाराचा, दुसऱ्या जागी उजेड देणारा दिवा बसवला की आरसा तो नेईल तिकडे फेकतो. एलईडीवर माझा राग नाही. ज्या गाडीचा लाइट मुळात एलईडीसाठीच बनवलेला असतो तिथं ती उत्तम चालते. माझ्या गाडीचा तसा नाही.

मी 100/90 वॅटच्या बल्बबद्दल विचारून पाहिलं, ट्रेकिंगवाले लावतात म्हणून. मामांनी मान हलवली. "उजेड वाढंल, पण होल्डर वितळंल आणि आरसा जळंल. आन् पोलिसांनी धरल्यावर मला फोन करू नका." फोन ते तसाही उचलत नाहीत, पण मुद्दा पटला. दुसऱ्या एका दुकानात पूर्ण लाइटच बदला असं सांगितलं होतं. बाहेरच्या मेकची जोडी 4200, कंपनीची त्याच्या जवळपास दुप्पट. ज्या गाडीची मुदत 2028 मध्ये संपते तिला एवढं सोनं घालायची माझी तयारी नव्हती.

तर काम झालं ते असं. दोन रिले असलेलं तयार वायरिंग किट, सिरॅमिकच्या होल्डरसकट, 1150 रुपये. चांगल्या कंपनीचे साधे 60/55 चे दोन बल्ब, 520. रिलेचं तत्त्व सोपं आहे. स्विचला फक्त इशाऱ्यापुरता करंट लागतो. बल्बचं खरं जेवण बॅटरीवरून जाड वायरीतून, मध्ये फ्यूज घालून, थेट येतं. किट बसवण्याआधी मामांनी टेस्ट लँप लावून एक गोष्ट तपासली, आणि घरी स्वतः किट जोडणारे बरेचजण इथंच फसत असणार. काही गाड्यांत स्विच प्लसची वायर जोडतो-तोडतो, काहींत अर्थिंगची. माझी दुसऱ्या जातीची निघाली. किटबरोबरचा कागद पहिल्या जातीचा होता. मामांनी तो कागद चहाच्या ग्लासाखाली ठेवला आणि आपल्या मनानं वायरी फिरवून जोडल्या. नंतर होल्डरवर मीटर लावला: 13.4. मला उगाच पास झाल्यासारखं वाटलं.

काचा म्हणजे खरं तर प्लॅस्टिक, आणि ते उन्हानं पिवळं पडतं, कारण वरचा संरक्षक थर उडून गेलेला असतो. यावर टूथपेस्ट घासायचा उपाय मी दोन वर्षांपूर्वी केला होता. आठ दिवस बरं दिसलं होतं. मामा हे काम स्वतः करत नाहीत. दोन शेड सोडून एक पेंटर आहे, त्याच्याकडे लाइट काढून पाठवले. त्यानं पाणी मारत 800, 1200 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर मारला. पहिला कागद फिरला तेव्हा काच दुधासारखी पांढरी झाली आणि माझ्या पोटात गोळा आला, पण ती पायरीच आहे. शेवटी वर दोन हात क्लिअर लॅकर. नुसतं घासून पॉलिश करून देणारे स्वस्तात करतात, पण वर थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. याचे 900 घेतले. उजव्या लाइटच्या कोपऱ्यात लॅकरचा एक ओघळ आहे. मला तो रोज दिसतो, दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही.

सगळ्यात आवडलेला भाग फोकस सेटिंगचा. "उजेडात नाही जमायचं, सातला या." सातला गेले तर समोरच्या बंद शेडच्या शटरपासून दहा मीटरवर खडूची रेघ मारून ठेवलेली. चाकातली हवा बघितली, मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. लाइटच्या मध्याची उंची शटरवर सेलोटेपनं लावली, तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी पट्टी. डिपरची वरची कड त्या खालच्या पट्टीवर येईपर्यंत मामा मागचा स्क्रू पिळत राहिले. कड सरळ नसते हे मी अठरा वर्षं गाडी चालवून त्या दिवशी पाहिलं. डावीकडे ती तिरकी वर चढते. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून कडेची माणसं आणि पाट्या दिसाव्यात, आणि उजवीकडून येणाऱ्याला त्रास होऊ नये. एका शटरवर एवढं सगळं लिहिलेलं होतं.

मजुरी 700. एकूण 3270. एलईडीवर गेलेल्या 2800 च्या शेजारी हा आकडा ठेवला की मला अजून चिडचिड होते.

आता तक्रार. काम झाल्यावर आठवड्याभरानं एका ट्रकवाल्यानं मला डिपर मारला. खाली पाहिलं तर डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवा बंद. लाइट मात्र अप्परवर. वायरी फिरवून जोडल्यामुळे तो दिवा लागायचाच बंद झाला होता आणि मामांनी हे सांगितलं नव्हतं. परत गेले. त्यांनी कबूल केलं, पण फारसे ओशाळले नाहीत. "दिवा नाय लागला तर काय झालं, उजेड दिसतोय की पुढं." मी म्हटलं, मामा, मला दिसतोय, समोरच्यालाही दिसतोय, अडचण तीच आहे. तेव्हा हसले. मध्ये रेझिस्टर टाकून करून देतो म्हणाले, निवांत वेळ काढून या. तीनदा गेले, तिन्ही वेळा पाय टेंपोखाली.

जुलैत घाटातल्या पावसात लाइटमध्ये वाफ धरली नाही. धुक्यात हॅलोजनचा पिवळसर उजेड त्या पांढऱ्या सड्यापेक्षा खूप बरा. पूर्वी अप्परवर जी वळणाची पाटी जवळ आल्यावर वाचता यायची ती आता आरामात आधी वाचते. तरी नव्या गाड्यांच्या लाइटशी बरोबरी नाही, तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. डाव्या बाजूला त्या डागामुळे उजेड किंचित कमी आहे, रिकाम्या रस्त्यावर जाणवतो.

गेल्या शनिवारी परित्याच्या पुढे उसाची ट्रॉली दिसली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त लोंबणारं वाडं, उसाचे हिरवे शेंडे. ब्रेकवर पाय अलगद ठेवून मागे लागले, आणि ओव्हरटेक करताना निळ्या दिव्याच्या रिकाम्या जागेकडे सवयीनं पाहिलं.

उद्यमनगरात शिरल्यावर बॅटऱ्यांची रांग दिसली की तेच दुकान. सोमवारी बंद असतं. बादली एकच आहे, दोघं जाणार असाल तर एकाला उभं राहावं लागेल. आणि अप्परचा निळा दिवा लागतोय का ते तिथंच, निघण्याआधी बघून घ्या.