पूंपुहार की तरंगमबाडी: कावेरीच्या मुखाशी जायचं ठरवताना

तंजावरला गेलेला मराठी माणूस बहुधा बृहदीश्वराचं दर्शन घेतो, सरस्वती महाल ग्रंथालय आणि मराठ्यांचा राजवाडा पाहतो आणि परत फिरतो. तिथून आणखी पूर्वेला, कावेरी समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर, पूंपुहार आणि तरंगमबाडी ही दोन लहान गावं आहेत. दोन्ही मयिलाडुतुरै जिल्ह्यात, एकमेकांपासून वीसेक किलोमीटरवर. दोन्हीकडे गर्दी कमी, समुद्र समोर आणि पायाखाली जुनं बंदर. सवड एकाच दिवसाची असेल तर कुठं जावं?

माझं मत आधीच सांगतो. प्राचीन तमिळ जगाच्या ओढीनं निघाला असाल तर पूंपुहार. निवांत राहायचं, पायी भटकायचं, जुन्या इमारती बघायच्या असतील तर तरंगमबाडी. पण पूंपुहारला काही न वाचता जाऊ नका. तसे गेलात तर तासाभरात ‘इथं आहे काय?’ म्हणत निघाल.

खरंच, वरवर बघता तिथं फार काही नाही. वाळूचा किनारा, मासेमारीच्या होड्या आणि बारीक झालेली कावेरी. पुराचं बहुतेक पाणी कोळ्ळिडम या फाट्यानं निघून जातं, उरलेलं शेतीच्या कालव्यांत वाटलं जातं, त्यामुळे मुखाशी नदी अगदी लहान दिसते. पण हेच सुरुवातीच्या चोळांचं कावेरीपूमपट्टिनम. ‘पट्टिनप्पालै’ या संगमकालीन, म्हणजे सर्वांत जुन्या तमिळ साहित्याच्या काळातल्या, दीर्घकाव्यात या बंदरावरच्या मालाची यादीच दिली आहे. समुद्रातून आलेले घोडे, गाड्यांतून आलेली मिरी, उत्तरेच्या डोंगरातलं सोनं आणि रत्नं, पश्चिमेच्या डोंगरातलं चंदन आणि अगरू, दक्षिण समुद्राचे मोती, पूर्व समुद्राचं पोवळं, गंगेकाठचा माल, सिंहलद्वीपाहून आलेलं धान्य. आणि या ढिगांवर वाघाचा शिक्का मारणारे जकात कामगार. वाघ हे चोळांचं राजचिन्ह. कवीनं महालांपेक्षा धक्क्यावरची ही लगबग इतक्या बारकाईनं टिपली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘शिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्याचा पहिला भाग तर याच शहरात घडतो. त्यात समुद्राकडचं मरुवूरपाक्कम आहे, जिथं व्यापारी आणि परदेशी यवन, म्हणजे ग्रीक-रोमन लोक, राहत. आतल्या बाजूला राजा आणि प्रतिष्ठितांचं पट्टिनप्पाक्कम. मधे दिवसाचा बाजार वेगळा, रात्रीचा वेगळा. कण्णगी आणि कोवलन हे इथलं व्यापारी घराण्यातलं जोडपं. कोवलन माधवी या नर्तकीच्या नादी लागतो. इंद्रोत्सव संपत असताना दोघं किनाऱ्यावर बसून याळ या तंतुवाद्यावर गातात. तो कावेरीला उद्देशून गातो, की चोळराजा गंगेशी रमला तरी तू रुसत नाहीस. तीही तशाच आडवळणानं उत्तर देते. तिच्या मनात दुसरा कुणी आहे असा अर्थ काढून तो उठून जातो, आणि तिथून गोष्ट मदुरैच्या शोकांतिकेकडे वळते. एवढं प्रकरण माहीत असेल तर किनाऱ्यावर नुसतं बसणंही पुरतं.

प्रत्यक्ष काय दिसतं? सात मजली शिलप्पदिकार कलादालन, ज्यात या महाकाव्यातले प्रसंग दगडात कोरले आहेत. जवळच पल्लवनीश्वरमला पुरातत्त्व खात्यानं उकरून काढलेल्या बौद्ध विहाराचे विटांचे अवशेष आहेत. कीळैयूरला विटांच्या धक्क्याचं बांधकाम सापडलं, ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपासचं मानतात. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनंही राज्य पुरातत्त्व विभागासोबत इथला समुद्रतळ धुंडाळला आहे. ‘मणिमेकलै’ या दुसऱ्या महाकाव्यात इंद्रोत्सव चुकल्यामुळे समुद्रानं शहर गिळल्याची कथा येते. त्या कथेवर हल्ली इंटरनेटवर अकरा हजार वर्षांपूर्वीच्या बुडालेल्या नगरीचे इमले चढवले जातात. त्यांच्या नादी लागू नका. दोन हजारांहून अधिक वर्षांचा पुरावा हातात असताना फुगवलेल्या आकड्यांची गरजच नाही.

तरंगमबाडीचं तसं नाही. तिथं इतिहास डोळ्यांसमोर उभा आहे. 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकानं डेन्मार्कच्या लोकांना इथं वखारीची परवानगी दिली आणि त्यांनी डॅन्सबोर्ग किल्ला बांधला. तो आजही समुद्रासमोर आहे, आत छोटं संग्रहालय आहे. वेशीच्या पांढऱ्या दरवाजातून शिरलं की सरळ रस्ता किल्ल्याकडे जातो. याच रस्त्यावर 1701 चं झायन चर्च आणि 1718 चं न्यू जेरुसलेम चर्च. 1706 मध्ये आलेल्या त्सीगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्यानं इथंच तमिळ छापखाना चालवला. 1845 साली डेन्मार्कनं हे सगळं इंग्रजांना विकलं.

म्हणून तरंगमबाडीला फक्त डॅनिश गाव समजू नका. किनाऱ्यावरचं मासिलामणिनाथर मंदिर 1306 मधलं, पांड्य राजा मारवर्मन कुलशेखराच्या काळातलं. समुद्रानं त्याचा पुढचा भाग खाल्ला आहे. मराठी वाचकासाठी आणखी एक धागा आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे ज्या श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले, तो 1750 साली हिंदुस्थानात आला तो तरंगमबाडीलाच. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींचा लांबलचक मराठी शिलालेख वाचून आलेल्यांनी हे नातं लक्षात घेऊन इथं यावं.

सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील तर मी निःशंक तरंगमबाडी सांगेन. अंतरं पायी जाण्याजोगी आहेत आणि जुन्या बंगल्यांत राहायची चांगली सोय आहे. पूंपुहारला राहण्याखाण्याची सोय जेमतेमच, त्यामुळे मुक्काम तरंगमबाडी, मयिलाडुतुरै किंवा शीर्काळीला ठेवावा. देवदर्शन हवं असेल तर मात्र पूंपुहारचं पारडं जड होतं. वाटेवर तिरुवेंकाडु हे बुधाचं आणि कीळपेरुंपळ्ळम हे केतूचं क्षेत्र आहे. तिरुवेंकाडुला सापडलेल्या चोळकालीन ब्राँझ मूर्ती तंजावरच्या कलादालनात आहेत, त्या आधी पाहून मग मंदिरात गेलात तर फार बरं. महाबलिपुरमचा विचार मनात येईल. शिल्पं अप्रतिमच, पण शांतता हवी असेल तर ते नको. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला रोमन व्यापाराचे पुरावे मिळाले, पण ज्याला उत्खननाची आवड आहे त्यानंच तिथं वाकडी वाट करावी.

काळ जानेवारी-फेब्रुवारीचा धरा. ऑक्टोबर ते डिसेंबर इथं ईशान्य मोसमी पाऊस पडतो, वादळंही येतात. चैत्री पौर्णिमेला पूंपुहारला इंद्रोत्सव होतो आणि आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, कावेरीपूजेसाठी मोठी गर्दी लोटते. उत्सव बघायचा असेल तरच त्या दिवशी जा. दोन्हीकडे समुद्र ओढीचा आहे, पोहण्याचा बेत करू नका. 2004 च्या त्सुनामीनं हाच किनारा झोडपला होता.

चेन्नईहून रेल्वेनं मयिलाडुतुरैला उतरून पुढे बस किंवा रिक्षा हा सोपा मार्ग. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कारैकलला साप्ताहिक गाडी आहे, तिचा वार आणि वेळ आरक्षणाआधी बघून घ्या. कारैकलहून तरंगमबाडी पंधराएक किलोमीटर. दोन दिवस काढता आले तर रात्र तरंगमबाडीला काढा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पूंपुहार गाठा. दुपारी त्या वाळूवर सावली मिळत नाही.