वाघाने चालत जावं की ट्रकमधून?

एकाकी जंगलातल्या वाघांत नवं रक्त यायला दोनच वाटा आहेत. वाघ स्वतः चालत येतो, नाहीतर माणूस त्याला बेशुद्ध करून आणून सोडतो.

पहिल्या वाटेचं उदाहरण म्हणजे यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’. २०१९ मध्ये हा तरुण नर शेतं, रस्ते, नाले ओलांडत १३०० किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाट फुकटची, निवडही त्याचीच. पण ज्ञानगंगेत वाघीणच नव्हती! वाघ पोचला, जनुकं मात्र पुढे गेली नाहीत. शिवाय माद्या सहसा आईच्या हद्दीजवळच राहतात, लांबचा प्रवास बहुतेक नरच करतात.

दुसऱ्या वाटेवर नेमकी मादी पाठवता येते. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये वाघ इतके एकटे पडले, की अंतर्प्रजननामुळे, म्हणजे जवळच्या नात्यातच मीलन होत राहिल्यामुळे, काळे दाट पट्टे असलेले वाघ तिथे सर्रास दिसतात. म्हणून २०२४ मध्ये ताडोबाहून ‘जमुना’ आणि ‘झीनत’ या वाघिणी नेल्या. झीनतला ते मान्य नसावं. ती झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालात गेली आणि डिसेंबरअखेर बांकुऱ्यात पुन्हा बेशुद्ध करून पकडावी लागली.

माझा कौल पहिल्या वाटेला, म्हणजे जंगलं जोडणाऱ्या कॉरिडॉरला. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली बांधलेल्या भुयारी मार्गांतून वाघ खरोखर ये-जा करतात, आणि एकदा झालेला खर्च पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडतो. सिमिलिपालसारखं जंगल मात्र कॉरिडॉरची वाट बघत बसू शकत नाही, तिथे ट्रकच हवा.