कोजागिरीच्या रात्री फराळाची साइट बंद पडली : होस्टिंग घेताना आमची झालेली फसवणूक

कोजागिरीला रात्री सव्वानऊ वाजता पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "अहो, पैसे कापले गेले, पण ऑर्डर कुठे दिसत नाही." त्यांच्याशी बोलत होते तेवढ्यात दुसरा फोन वाजला, मग तिसरा. साइट उघडली तर पांढऱ्या पानावर एकच ओळ : ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. दूध आटवायला ठेवलं होतं, ते जाऊबाईंनी गॅस बंद करून तसंच झाकून ठेवलं.

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरातून दिवाळीचा फराळ करून विकतो. गिऱ्हाईक बहुतेक इथलंच, पण आता पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात राहणारं. परदेशी पार्सलं नवरात्रातच निघतात. देशातल्या ऑर्डर आम्ही कोजागिरीला रात्री बंद करतो, कारण अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, मग पीठ गुळात मुरावं लागतं. आकडा आधी हातात नसेल तर हाथीखान्याच्या बाजारातून किती माल आणायचा तेच कळत नाही. शेवटच्या दिवशी जेवणं आटोपली की सगळे एकदम ऑर्डर करायला बसतात. वर्षाचा निम्मा धंदा त्या दोन तासांचा.

साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर होती, त्यावर वू-कॉमर्स या जोडणीने दुकान लावलेलं. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला दुसऱ्याच्या संगणकावर, सर्व्हरवर, भाड्याने घेतलेली जागा. जुन्या होस्टिंगची मुदत श्रावणात संपली तेव्हा एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. अतिशय गोड बोलणारा. सर्व्हर मुंबईत, जागा अमर्याद, व्हिजिटर अमर्याद, ९९.९ टक्के अपटाइमची, म्हणजे साइट चालू राहण्याची, हमी. महिन्याला ३२५ रुपये, पण तीन वर्षांचे एकदम भरले तरच. मी काचकूच केली तर म्हणाला, "चिंता ना करो, बेन, तमे जाते चेक करी लो." मी खरोखर तपासलं, आणि तिथेच फसले. स्पीड मोजणाऱ्या साइटवर त्यांची स्वतःची वेबसाइट टाकून पाहिली. चटकन उघडली. त्यांनी एक डेमो दुकान दाखवलं, तेही पापणी लवायच्या आत उघडलं. गुगलवर 'सर्वोत्तम होस्टिंग'च्या याद्या वाचल्या, त्यात त्यांचं नाव वरच होतं. ११,७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १३,८०६ रुपये भरून टाकले.

भाद्रपद सुरळीत गेला. दिवसाला चार-पाच ऑर्डर येत होत्या, तक्रारीला जागाच नव्हती. पैसे परत करण्याची तीस दिवसांची मुदत त्या शांत दिवसांतच निघून गेली.

त्या रात्री मी त्यांच्या चॅटवर पाऊण तास होते. उत्तर आलं की तुमची साइट 'जास्त संसाधनं वापरते', चौपट दराचा व्हीपीएस (सर्व्हरचा आपल्यासाठी राखून ठेवलेला भाग) घ्या, दहा मिनिटांत सुरू करतो. मी म्हटलं, अमर्याद सांगितलं होतंत ना? तर अटींच्या पानाची लिंक आली. तिथे खाली लिहिलेलं होतं की जागा अमर्याद असली तरी एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस, म्हणजे सर्व्हरवरची कामं, फक्त वीस.

नणंदेचा मुलगा आयटीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारी बसवून मला हे नीट समजावलं, आणि ते प्रत्येक छोट्या दुकानदाराला कळावं असं मला फार वाटतं. साइटचं पहिलं पान सगळ्यांना सारखंच दिसतं. ते एकदा तयार करून साठवून ठेवता येतं आणि सीडीएनच्या (पानांच्या प्रती गावोगावी ठेवणाऱ्या यंत्रांच्या जाळ्याच्या) मुंबईतल्या यंत्रावरून कोणालाही लगेच देता येतं. त्यासाठी मूळ सर्व्हरला हातही लावावा लागत नाही. कार्ट आणि पैसे भरण्याचं पान मात्र प्रत्येकाचं वेगळं. ते साठवता येत नाही, दर वेळी मूळ सर्व्हरलाच नव्याने तयार करावं लागतं. असं एकेक पान तयार होईपर्यंत एकेक प्रोसेस अडकून राहते. आमच्याकडे त्याला चार-चार सेकंद लागत होते. वीसच्या वीस अडकल्या की एकविसाव्या माणसाला ५०८. आणि पैसे मिळाल्याचा निरोप घेऊन पेमेंट गेटवे, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, आमच्या साइटवर येतो, त्यालाही तेच दार बंद. म्हणून खात्यातून पैसे गेले आणि ऑर्डर नोंदलीच गेली नाही. काहींनी घाबरून दोनदा पैसे भरले होते. गेटवेच्या यादीवरून एकेक नाव जुळवायला आम्हाला तीन दिवस लागले, आणि ज्यांनी कंटाळून ऑर्डर सोडली त्यांचा तर आकडाही कधी कळणार नाही.

मी तपासलं होतं ते त्यांच्या डेमोचं साठवलेलं पान. ज्या सर्व्हरवर आमचं दुकान उभं राहणार होतं त्याला मी हातही लावला नव्हता.

मुंबईचं तर सरळ खोटं होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, असतो. भाच्याने तो थेट पिंग केला, म्हणजे त्याला हाक पाठवून उत्तराचा वेळ मोजला. उत्तर यायला २३० मिलिसेकंद लागले. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बडोद्याहून मुंबई चारशे किलोमीटर. वाटेतले फाटे धरले तरी उत्तर दहा-वीस, फार तर चाळीस मिलिसेकंदांत यायला हवं. २३० म्हणजे समुद्रापार. आयपीची नोंद पाहिली तर सर्व्हर अमेरिकेत निघाला. मुंबईत होतं ते फक्त सीडीएन. फोनवर दिलेल्या शब्दाचा माझ्याकडे एकही लेखी पुरावा नव्हता.

९९.९ टक्क्यांचंही सांगते. तीस दिवसांच्या महिन्यात ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. आमची साइट एका रात्रीत त्याहून जास्त वेळ बंद होती. पण अटींमध्ये हमी होती ती 'नेटवर्क'ची. खात्याची मर्यादा ओलांडल्यामुळे बंद पडलं तर ते बंद धरतच नाहीत. धरलं असतं तरी भरपाई म्हणजे पुढच्या बिलात थोडी सूट. आणि त्या 'सर्वोत्तम' याद्या? त्यातल्या बहुतेक लिंकवरून ग्राहक गेला की यादी लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. तसं पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं, मी तिथपर्यंत गेलेच नव्हते.

तक्रारीबद्दल. मला वाटलं होतं, आपण धंदा करतो म्हणजे ग्राहक कायदा आपल्याला नाही. तसं सरसकट नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून केलेल्या कामाला लागणारी सेवा घेतली असेल, तर आपणही ग्राहकच आहोत असं म्हणणं मांडता येतं. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. यांच्या साइटवर त्या अधिकाऱ्याचं नावच नव्हतं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. १९१५नंतर कंपनी थोडी हलली, ७,२०० रुपये परत आले. उरलेल्यासाठी जिल्हा आयोगाचे कागद तयार करते आहे. डोमेन त्यांनी 'फुकट' देऊन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं, ते सोडवायला दीड महिना गेला. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या, वेगळे पैसे पडले तरी.

यंदा श्रावणातच दोन कंपन्यांकडून एकेक महिन्याचं होस्टिंग घेतलं. सर्व्हर कुठे, एका वेळी किती प्रोसेस, नूतनीकरणाचा दर किती, बॅकअप परत चढवायचे पैसे पडतात का, हे सगळं ईमेलवर लेखी मागितलं. दोन्हीकडे साइटची प्रत चढवली आणि पिंग पाहिलं. मग एका रविवारी रात्री बरोबर नऊ वाजता भिशीच्या तीस बायकांना सांगितलं, सगळ्यांनी एकदम एक रुपयाची चकली मागवा. पहिल्या होस्टवर बारावी ऑर्डर अडकली. अर्ध्या तासाने दुसऱ्यावर तेच केलं, तिसाव्या बाईची ऑर्डरसुद्धा तीन सेकंदांत नोंदली गेली. पहिल्या कंपनीला त्याच रात्री पैसे परत मागणारं ईमेल केलं. त्यांच्या मुदतीचे तेव्हा बावीस दिवस शिल्लक होते.