स्नॉर्कलिंगचे शॉर्ट फिन्स घेताना मला असा चुना लागला

इन्स्टावर डायव्हिंग गिअर विकणारी पेजेस असतात ना, त्यांच्याकडून फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख, मागवायच्या आधी हे वाचा, माझे 2800 गेलेच आणि वर नील आयलंडच्या पाण्यात पायाची वाट लागली ती वेगळीच.

अंदमानला जायचं होतं, पहिल्यांदाच स्नॉर्कलिंग (मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) करणार होतो, म्हणून शॉर्ट फिन्सच हवे होते. ते बॅगेत मावतात, पोटऱ्यांवर ताण कमी येतो आणि नवख्या माणसाचा पाय खालच्या कोरलवर आपटायची शक्यता कमी. पाण्याला करंट, म्हणजे ओढ, असेल तर लांब फिन्सएवढा जोर मिळत नाही हे खरंय, पण नवख्याने करंटमध्ये जाऊच नये. तर या पेजवाल्याने व्हिडिओ कॉलवर जे दाखवले ते एकदम झकास होते, नामांकित कंपनीचे, पुढचं चपटं पात हाताने वाकवून दाखवलं तर छान कमानीत वाकून सटकन सरळ झालं. मी बूट 8 नंबरचा घालतो म्हणजे युरोपियन 42, ते सांगितलं, तर म्हणे सर आपके लिए 42-43 परफेक्ट. पैसे यूपीआयने आधी, आणि ते गेले कुणाच्या तरी पर्सनल नावावर.

पार्सलमध्ये आलं ते भलतंच. लोगो तोच पण पात प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं कडक, मधे वाकायलाच तयार नाही, फक्त पाऊल घालतो त्या खोबणीच्या तोंडाशी मुडपायचं. चांगल्या फिनमध्ये पात आणि रबराची खोबणी साच्यातच एकजीव केलेली असते, इथे सांध्यातून गोंद बाहेर आलेला सरळ दिसत होता आणि वास तर असा की बाल्कनीत ठेवावे लागले. घालून बघितले तर घट्ट. त्याला फोन केला तर म्हणाला, रबर पानी में ढीला होता है सर, टाइट ही चाहिए. तद्दन खोटं! उलट पाण्यात आपली कातडी मऊ पडते आणि घट्ट रबर आणखी कापतं. पण दोन दिवसांवर फ्लाइट, बदलून घ्यायला वेळच नव्हता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं कारण तारीख त्याने आधीच गप्पांत काढून घेतली होती.

नील आयलंडच्या भरतपूर बीचला पाण्यात उतरलो, थोडं अंतर गेलो नसेन तर पोटरीत गोळा आला, गाइडने धरून तरंगायची रिंग दिली म्हणून बरं. बाहेर येऊन फिन्स काढतो तर टाच सोललेली, आणि तळव्यावरचा 42-43 चा स्टिकर खाऱ्या पाण्याने सुटून लोंबतोय, त्याच्याखाली साच्यातच उठवलेलं 245-250. हे मिलिमीटर! माझं पाऊल 265 च्या आसपास. म्हणजे छोट्या साइजवर मोठा स्टिकर लावून खपवलेला माल.

परत घ्यायला सांगितलं तर हायजीन प्रॉडक्ट है, यूज हो गया, नो रिटर्न. आता 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला, पण तक्रार करायची कुणावर, तर पॅकवर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एमआरपी, कुठल्या देशात बनलं, काहीच छापलेलं नाही. आयात मालावर हे सगळं छापणं बंधनकारक आहे, तेव्हा पैसे टाकायच्या आधी त्या लेबलचा फोटो मागाच.

मालवण-तारकर्लीला जाणाऱ्यांनी तर फिन्सच्या भानगडीत पडूच नये, तिथे बहुतेक वेळा मास्क लावून रिंग धरायला देतात आणि गाइडच ओढत नेतो. बाकीच्यांनी पाऊल कागदावर ठेवून टाच ते अंगठा मिमीमध्ये मोजा आणि फिनच्या तळव्यावरचा साच्यातला आकडा बघा, स्टिकरला अजिबात भाव देऊ नका. फुल फूट घ्यायचे, म्हणजे टाच झाकणारे, अनवाणी किंवा पातळ मोज्यावर घालता येतात. मागे पट्टा असलेल्यांपैकी बरेचसे डायव्हिंगचे, त्यांना निओप्रीनचे (जाड, स्पंजासारख्या रबराचे) बूट वेगळे घ्यावे लागतात, आणि ते विक्रेता नंतर हळूच सांगतो. स्विमिंग पूलचे ट्रेनिंग फिन्स पण शॉर्ट फिन्स म्हणून चिकटवतात, ते किकचा वेग वाढवायला असतात, समुद्रात तासभर आरामात तरंगायला नाही. आणि दुकानात जाऊन घालून बघता आलं तर सोन्याहून पिवळं, बोटं पुढे मुडपायला नकोत आणि टाच वर उचलली तर फिन सुटायला नको.

ते पेज आता वेगळ्या नावाने चालू आहे, व्हिडिओ तेच. परवा बायकोच्या अकाउंटवरून विचारलं, भैया तळव्यावरच्या आकड्याचा फोटो पाठवा, स्टिकर काढून. मेसेज सीन झाला आणि लगेच ब्लॉक.